आधी लेकरांची शाळा, शेवटी मिळकत

सर्व्हे ही गोष्ट आपल्या वस्त्यांना नवी नाही. पाण्याचा सर्व्हे होतो, झोपड्यांचा होतो, साथ आली की तापाचा होतो. हातात पॅड घेऊन माणसे येतात, दारात उभी राहतात, प्रश्नांवर प्रश्न विचारतात आणि निघून जातात. त्या कागदांचे पुढे काय झाले, हे सांगायला कोणी परत येत नाही. म्हणून आता सर्व्हेवाला दिसला की वस्तीतल्या बाया आतूनच ओरडून सांगतात, "घरात कोणी नाही!" आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याला उत्तरे दिली तो परत येत नसेल, तर उत्तर तरी का द्यावे?

आम्ही एका कचेरीत कारकुनी करतो. शिक्षण बी. कॉम. दिवसभर रजिस्टरे, नोंदी आणि बेरजा. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या मंडळाचे काम. आमची वस्ती कल्याणच्या पुढे रेल्वेच्या रुळाकडेला आहे. बुलढाणा, जालना, परभणी, सातारा अशा ठिकाणांहून पोट भरायला आलेली माणसे इथे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की, यंदा सर्व्हे दुसऱ्याने नाही, आपणच करायचा. कारणही तसेच होते. बारावी झालेल्या कितीतरी पोरापोरींकडे जातीचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. अर्ज अडला की फी खिशातून भरावी लागते, आणि फी झेपली नाही की आधी मुलीचे शिक्षण थांबते. अशी घरे कोणती आणि त्यांचा नेमका कोणता कागद कमी आहे, हे मात्र मंडळात कोणालाच सांगता येत नव्हते.

सभा झाली. ज्याला जो प्रश्न सुचला तो त्याने लिहून दिला. सगळे मिळून प्रश्न झाले ८३. कोणाला रेशनकार्डाचा प्रश्न हवा होता, कोणाला कर्जाचा, कोणाला घरात टीव्ही आहे का याचा. एकाने तर पहिलाच प्रश्न लिहून आणला होता, "घरात दारू कोण पितो?" हा सगळा ढीग आमच्यापुढे ठेवून मंडळी म्हणाली, "तुम्ही कारकून माणूस, तुम्हीच याची प्रश्नावली करा."

आमची पुतणी समाजकार्याचे शिक्षण घेते. ती म्हणाली, "काका, कागद छापू नका. मोबाईलवर फॉर्म करू. पण आधी प्रश्नांचे गट पाडा." तिने कोबो टूलबॉक्स नावाची यंत्रणा दाखवली. सर्व्हेचे फॉर्म बनवण्यासाठी ती जगभर वापरली जाते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील मंडळींनी ती युद्ध, भूकंप, पूर अशा संकटांत सापडलेल्या माणसांची माहिती गोळा करता यावी म्हणून उभी केली. आमच्यासारख्या लहान मंडळांना ती ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट वापरता येते. फॉर्म एकदा मोबाईलमध्ये उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही भरता येतो. पुढे नेट मिळाले की भरलेले फॉर्म पाठवायचे. रुळाकडेच्या वस्तीला ही मोठीच सोय आहे.

संगणकावर काम तसे सोपे आहे. एकेक प्रश्न टाईप करायचा. उत्तराचा प्रकार ठरवायचा, म्हणजे एकच पर्याय निवडायचा, अनेक निवडायचे, आकडा लिहायचा की मजकूर लिहायचा. मग एका जातकुळीचे प्रश्न एकत्र निवडून त्यांचा गट करायचा आणि गटाला नाव द्यायचे. अख्खा गट उचलून वर किंवा खाली नेता येतो, आतल्या प्रश्नांना धक्का लागत नाही. गटाच्या पोटात आणखी गट ठेवता येतो. हेच काम एक्सेलच्या पानावरही करता येते. तिथे गट जिथे सुरू होतो त्या ओळीत "बिगिन ग्रुप" आणि संपतो तिथे "एंड ग्रुप" लिहायचे. उघडलेला गट बंद केला नाही तर यंत्र फॉर्म स्वीकारतच नाही. पुतणीला याचे नवल वाटले. आम्हाला वाटले नाही. पाकिटाला तोंड असते तसे बूडही असावे लागते, हे कचेरीत आम्हाला कोणी शिकवायला नको.

कोणता गट आधी आणि कोणता नंतर, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते. यंत्राला मिळकतीचा प्रश्न पहिला काय आणि शेवटचा काय, सारखाच. चुलीपाशी बसून उत्तर देणाऱ्या बाईला तो सारखा नसतो. आजवर ज्या सर्व्हेंना वस्तीने दार लावले, त्यांतल्या बहुतेकांचे पहिलेच प्रश्न "महिन्याला किती कमावता?" आणि "जागा कोणाच्या नावावर आहे?" असे होते. पाहुणा म्हणून आलेला माणूस उंबऱ्यातूनच पैशाच्या ट्रंकेकडे बोट दाखवू लागला, तर आपण त्याला आत घेऊ का? चहापाणी होते, मुलाबाळांची विचारपूस होते, गाव निघते, नाते निघते. घरच्या अडचणीची गोष्ट त्यानंतर. प्रश्नावलीचे भागही याच रीतीने लावावे लागतात.

आम्ही ८३ प्रश्नांच्या चिठ्ठ्या केल्या आणि रविवारी सतरंजीवर पसरल्या. शिवणकाम करणाऱ्या दोघी ताई, रिक्षा चालवणारा एक भाऊ, पुतणी आणि आम्ही असे पाच जण बसलो. प्रत्येक चिठ्ठी उचलून एकच विचारायचे, "याचे उत्तर मिळाले तर मंडळ काय करणार?" उत्तर सापडले नाही की चिठ्ठी बाजूला. टीव्हीचा प्रश्न असाच गेला. आधार क्रमांकाचा गेला, कारण त्या क्रमांकाचे मंडळाला काही काम नाही, आणि ज्याचे काम नाही ते जवळ बाळगणे ही जोखीम आहे. दारूच्या प्रश्नावर मात्र चांगलीच खडाजंगी झाली. आमचे एक जुने कार्यकर्ते आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. ते म्हणाले, "व्यसनाचा आकडा कळल्याशिवाय समाज सुधारणार कसा?"

त्यावर एक ताई म्हणाली, "दादा, तो आकडा देणार कोण? नवरा समोर बसलेला, बाहेर शेजारीण कान लावून उभी. बाई खरे सांगेल का? आणि सांगितले तर रात्री मार कोण खाईल?"

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच ती चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली. व्यसनाचा विषय महिलांच्या बैठकीत घ्यायचे ठरले. तो विषय महत्त्वाचा आहेच, पण तो दारातल्या फॉर्मचा विषय नाही.

उरलेल्या ४१ प्रश्नांचे सहा भाग झाले. पहिला, आम्ही कोण, कशासाठी आलो आणि तुमची परवानगी आहे का. दुसरा, घरातली माणसे. तिसरा, मुलांचे शिक्षण आणि त्यांच्याजवळचे दाखले. चौथा, मूळ गाव आणि जुने कागद. पाचवा, कामधंदा आणि मिळकत. सहावा, तुमचे काही म्हणणे. पहिल्या भागात "परवानगी नाही" असे उत्तर आले की फॉर्म तिथेच संपतो. मिळकतीचा भाग ठेवला, कारण शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा असते. पण नेमका आकडा न विचारता पल्ले दिले, की यातला तुमचा पल्ला कोणता ते सांगा. नाव आणि फोन नंबर पहिल्या भागात असले, तरी आकडेवारी काढताना ते रकाने वेगळे करून फक्त दोघा जणांकडे ठेवले. वस्तीचे चित्र सगळ्यांनी पाहावे. कोणाच्या घरात काय आहे, ते सगळ्यांनी पाहायचे कारण नाही.

दुसऱ्या भागात एक सोय फार उपयोगी पडली. एका घरात तीन माणसे, दुसऱ्या घरात अकरा. कागदावर किती ओळी छापायच्या? इथे गटाला "पुन्हा पुन्हा येणारा" असे ठरवता येते. एका माणसाची माहिती भरून झाली की यंत्र विचारते, आणखी कोणी आहे का? असेल तर तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. वय सहा ते पंचवीसच्या आत असेल तरच शिक्षणाचे प्रश्न उघडतात. त्यामुळे साठीच्या आजोबांना "तुमची इयत्ता कोणती?" असे विचारायची पाळी येत नाही. पुढे ही माहिती एक्सेलमध्ये उतरवली की घरांचे एक पान निघते आणि माणसांचे दुसरे. दोन्ही पाने एका क्रमांकाने जोडलेली असतात. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ घालणाऱ्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटते. प्रत्येक नोंद आपापल्या खात्यात पडली पाहिजे, आणि मूळ नोंदीपर्यंत परत जाता आले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, प्रश्न इकडचे तिकडे केल्याने एवढे काय बिघडते? काय बिघडते ते आपल्याच समाजाच्या मोजणीत पाहावे. २०११ च्या जनगणनेत आधी २०१० मध्ये घरांची यादी झाली, तिच्यात ३५ प्रश्न होते. मग फेब्रुवारी २०११ मध्ये माणसांची गणना झाली, तिच्यात २९ प्रश्न होते. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाचे सरकारसुद्धा घराचे आणि माणसाचे प्रश्न वेगळे ठेवते. माणसांच्या अर्जात आधी धर्म विचारला जातो आणि त्याला लागूनच अनुसूचित जातीचा प्रश्न येतो. तो कोणाला लागू करायचा हे धर्माच्या उत्तरावर ठरते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या होत्या. १९५६ साली त्यांत शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे १९६१, १९७१ आणि १९८१ या तीन जनगणनांत ज्याने धर्म बौद्ध सांगितला, त्याच्यासाठी पुढचा रकाना बंद होता. १९९१ साली तो उघडला. माणसे तीच, वस्त्या त्याच, दारिद्र्य तेच. फक्त अर्जातली एक वाट बंद होती ती मोकळी झाली. ती मोकळी व्हावी म्हणून समाजाला किती वर्षे झगडावे लागले, हे वडीलधाऱ्यांना विचारावे.

मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये अशी वाट उघडणे किंवा बंद करणे दोन मिनिटांचे काम आहे. म्हणून ते काम जपून करायचे. "हे उत्तर आले तर पुढचा भाग दाखवू नको" अशी अट घालताना दर वेळी विचारायचे, या अटीमुळे कोणाचे घर मोजणीतून सुटते आहे का? आम्ही दाखल्याचा भाग "घरात शिकणारे मूल आहे का?" या प्रश्नाला जोडणार होतो. तेव्हा रिक्षावाला भाऊ म्हणाला, "ज्या पोरीने दाखल्यापायी शाळा सोडली, ती यात कुठे येणार?" सगळे गप्प झाले. ती पोर आता शिकत नाही, पण ज्यासाठी सर्व्हे करायचा ती तीच. मग अट बदलून "शिकणारे किंवा शिक्षण सुटलेले" अशी केली. पाच घरांत फॉर्म भरून पाहिला आणि मगच वस्तीत उतरलो.

चौथ्या भागाची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या तारखेला कुटुंब कुठे राहत होते, हे दाखवावे लागते. मूळ गाव ज्या उपविभागात येते, तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मुंबईकडे आलेल्या कुटुंबांचे घोडे इथेच अडते. ही तारीख तशीच विचारली तर वस्तीत कोण उत्तर देईल? म्हणून त्या भागात तारखेऐवजी माणसे विचारली. मुलांचे आजोबा कुठल्या गावचे? स्वातंत्र्याच्या सुमारास ते कुठे होते? त्यांच्या भावांपैकी कोणी शाळेत गेले होते का?

जालना जिल्ह्यातून आलेल्या एका घरी आमची पुतणी गेली. घरात मुलगा, सून, नात आणि आजी. नात बारावी झालेली, नर्सिंगला जायची इच्छा, दाखला नाही. मुलगा पहिल्यापासून सांगत होता, "आमच्याकडं जुना एकही कागद नाही. लिहा, काही नाही." दोन भाग होईतो आजी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. नातीची शाळा, मार्क, काय शिकायचे हे सगळे बोलून झाले होते. गावाचा भाग सुरू झाला तशी ती सूप बाजूला ठेवून पुढे सरकली.

पुतणीने विचारले, "आजी, तुमचे सासरे त्या काळात कुठे होते?"

"गावातच व्हते की. रझाकाराच्या वक्ताला समदं गाव पळालं, आमचे सासरे तिथंच राहिले. असं सासूबाई सांगायच्या."

"घरात कोणी शाळेत गेलं होतं का तेव्हा?"

"माझे थोरले दीर गेल्ते. दोन-तीन यत्ता शिकले. गुरुजी बाहेर बसवायचे, तरी जायचे."

मुलगा आईकडे बघतच राहिला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस!"

"मला इचारलं कोणी?" आजी म्हणाली.

थोरल्या दिराचे नाव फॉर्ममध्ये गेले. मुलगा गावी गेला. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्या नावाची, १९५० च्या आधीची, जातीसह नोंद सापडली. तिचा उतारा घेऊन नातीचा अर्ज दाखल झाला. कागद त्या शाळेत पाऊणशे वर्षे पडून होता. त्याचा पत्ता घरातच, तांदूळ निवडत बसलेला होता. पहिलाच प्रश्न "दाखला आहे का?" असता, तर मुलाच्या "काही नाही"वर तो फॉर्म संपला असता.

प्रश्नांचे भाग पाडण्याची ही रीत काही संगणकाने आणलेली नाही. अमेरिकेतले काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९६ साली फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात काळ्या लोकांची पाहणी सुरू केली. दारोदार ते स्वतः फिरले. त्यांनी सगळे प्रश्न एका कागदावर कोंबले नाहीत. कुटुंबाचा तक्ता वेगळा, व्यक्तीचा वेगळा, घराचा वेगळा, गल्लीचा वेगळा, संस्थांचा वेगळा, आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकरांसाठी आणखी एक. त्या काळी शहरातले प्रतिष्ठित लोक म्हणत की, काळ्यांची दुर्दशा त्यांच्या स्वभावामुळे आहे. ड्यू बॉइस यांनी घराचे भाडे, कामाची बंदी, गल्लीची अवस्था यांचे वेगवेगळे तक्ते मांडून दाखवले की, दोष माणसात नसून त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत आहे. १८९९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. स्वतः बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन दिले, तेही आकड्यांच्या आधारावर उभे होते. गाऱ्हाणे कोणीही मांडतो. नीट लावलेले आकडे पुढे ठेवले की ऐकणाऱ्याला टाळता येत नाही.

आमच्या सर्व्हेचा सहावा भाग सर्वांत लहान होता, एकच प्रश्न. "तुम्हाला मंडळाला काही सांगायचे आहे का?" उत्तरात काहींनी नळाचे सांगितले, काहींनी संडासाच्या दिव्याचे. पण सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर होते, "जे लिहून नेले ते परत येऊन सांगा." म्हणून एका रविवारी पटांगणात सभा घेतली आणि एकेका भागाचा निकाल वाचून दाखवला. कोणाचे नाव घेतले नाही. किती मुलांचे दाखले नाहीत, कोणता कागद कमी पडतो आणि मंडळ त्याचे काय करणार, तेवढे सांगितले. त्या सभेला "घरात कोणी नाही" म्हणणाऱ्या बायाही आल्या होत्या.

सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले की, पुढच्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवली जाईल. ती जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून आणि मोबाईल ॲपच्या मदतीने घ्यायचे ठरले आहे. त्या फॉर्मचे भाग सरकारने पाडले आहेत, आपल्या हातात नाहीत. पण फॉर्म समजून घेणे आपल्या हातात आहे. कोणत्या उत्तराने पुढचा कोणता रकाना उघडतो, आपला धर्म कोणत्या रकान्यात आणि जात कोणत्या रकान्यात, हे घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आधी आईवडिलांना समजावून सांगावे. आणि ज्यांच्या मंडळाला आपल्या वस्तीचा सर्व्हे करायचा असेल, त्यांनी मोबाईल नंतर हातात घ्यावा. आधी चिठ्ठ्या कराव्यात, सतरंजी पसरावी आणि ज्यांच्या दारात जायचे आहे त्यांच्यातल्याच दोघी-तिघींना सोबत बसवावे. कोणता प्रश्न केव्हा विचारायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.